बारा फोटोंचा लाल दिवा

नेमाण्णा माणसांकडे मान खाली घालून बघत. त्यांचा कॅमेरा दोन भिंगांचा, छातीशी धरायचा. वरच्या काचेत डोकावलं की समोरचा माणूस तिथे दिसे. पंचवीस वर्षं असं बघत आल्यामुळे कॅमेरा हातात नसला तरी बोलताना त्यांची मान खालीच असे. समोरच्याला आधी वाटे, हा माणूस आपलं ऐकत नाही. पण ते ऐकत असत. मला त्यांचं ते खाली बघणं फार बरं वाटे. कोणी सरळ डोळ्यांत बघितलं की तोंडातले शब्द पळून जाणारी मुलगी होते मी.

आमचं गाव साताऱ्याहून सांगलीकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. नाव लिहीत नाही. वडील तिथल्या दवाखान्यात डॉक्टर होते. मी पाचगणीच्या वसतिगृहात राहून इंग्रजी शाळेत शिकले आणि मग पदवी घेऊन घरी परतले तेव्हा गावात मला ओळखणारं कोणी नव्हतं. मराठी बोलता येई, पण वाचताना अडखळायला होई. वडिलांच्या शब्दावर नगरपालिकेत इंग्रजी पत्रं टंकायचं हंगामी काम मिळालं. त्या कामातूनच नेमाण्णा मला भेटले.

आणीबाणीचे दिवस होते. नवे मुख्याधिकारी आले होते, तरुण, बाहेरगावचे, कामाला वाघ. सांगली रस्त्यावरच्या चौकात उसाच्या ट्रकखाली एक म्हातारी गेली, त्याच्या आधी एक सायकलवाला. साहेबांनी खटपट करून चौकात तीन दिव्यांचा खांब बसवला. तालुक्याच्या गावात असा खांब आजूबाजूला कुठेच नव्हता. औंध, दहिवडीकडून बाजाराला आलेले लोक आधी खांब बघून घेत, मग खरेदीला जात. दिवा लाल झाला की मात्र कोणी थांबत नसे. "ह्यो बघा लाल झाला," असं एकमेकांना दाखवत गाड्या पुढे जात.

चौकातला हवालदार कधी जत्रेच्या बंदोबस्ताला, कधी मंत्र्यांच्या दौऱ्याला. तेव्हा साहेबांच्या डोक्यातून एक कल्पना निघाली. लाल दिवा मोडणाऱ्याचा फोटो काढायचा, नोटिशीला चिकटवून त्याच्या घरी पाठवायचा आणि दर सोमवारी नगरपालिकेच्या दारातल्या फळ्यावर त्या आठवड्याचे सगळे फोटो लावायचे. गावात फोटोग्राफर एकच होता.

त्यांचं पूर्ण नाव नेमिनाथ. जैन, मूळचे सांगलीकडचे, वडिलांची शेती भावांना देऊन फोटोच्या नादाने इकडे आलेले. चौकातच त्यांचा स्टुडिओ होता. आत एक पडदा होता, त्यावर तळं आणि दोन हंस. गावातली निम्मी लग्नं त्या तळ्याकाठी ठरली होती, कारण मुलीचा दाखवायचा फोटो तिथेच निघे. देवीचे व्रण, तिरळेपणा, ओठावरची लव, सगळं ते बारीक कुंचल्याने नाहीसं करत. "देवानं घाईत केलेलं आमी सावकाश दुरुस्त करतो," म्हणत.

साहेबांचं काम त्यांनी का घेतलं, हे मी एकदा विचारलं. त्यांनी आधी कॅमेऱ्याचं भिंग पुसून ठेवलं. मग म्हणाले, "त्या म्हातारीचा फोटो पोलिसांनी माझ्याकडनंच काढून घेतला. लय माणसांचे काढलेत मी, मेलेल्यांचेबी काढलेत. पर त्यात नीट करण्यासारखं काय उरलंच नव्हतं, पोरी."

पहिल्या आठवड्यात सगळा गोंधळ झाला. गोंधळ त्यांच्या सवयीचा होता. बटण दाबायच्या आधी पंचवीस वर्षं ते एकच वाक्य बोलत आले होते, तेच आताही तोंडातून निघे: "हलू नगासा!" आणि त्यांचा तो आवाज ऐकला की गावातला माणूस जागच्या जागी थांबे. सायकलवाला पाय टेके, टोपी सारखी करी. ट्रकचा ड्रायव्हर खिडकीतून अर्धा बाहेर येऊन हसे. बैलगाडीवाला कासरा ओढून बैलांच्याही माना वर करवी. मग कॅमेऱ्याचा टिक असा आवाज होई आणि नेमाण्णा म्हणत, "झालं. या आता." तेवढ्यात दिवा हिरवा झालेला असे.

साहेबांनी फोटो टेबलावर पसरले आणि कपाळाला हात लावला. "अहो अण्णा, हे लोक थांबलेले आहेत!"

"व्हय साहेब, थांबलेत," नेमाण्णा म्हणाले. "थांबायसाठीच खांब बसवलाय न्हवं?"

मला हसू आवरेना, म्हणून मी फायलीत तोंड घातलं.

पुढे ते तोंडावर रुमाल बांधून बसू लागले, म्हणजे शब्द बाहेर पडायला नको. मग खरे फोटो येऊ लागले. तरी साहेबांचं समाधान होईना. काळ्यापांढऱ्या फोटोत लाल आणि हिरवा सारखाच दिसे. नेमाण्णांनी समजावलं, "रंगाचं इचारू नगासा. वरचा पेटलाय का खालचा, तेवढं बघा." साहेबांनी मला भिंग आणून दिलं. वरचा दिवा पेटलेला आहे ना, हे तपासून नोटिशीला फोटो चिकटवायचा, हे माझं काम झालं.

अडचणी आणखीही होत्या. वीज गेली की चौक मोकळा. रोज एकच रोल मंजूर होता आणि एका रोलमध्ये बारा फोटो निघत. म्हणजे दिवसाला गुन्हेगार बारा. हे गावाला दुसऱ्याच दिवशी कळलं. दुपारनंतर लोक कोपऱ्यावर गाडी उभी करून विचारत, "अण्णा, किती झालं?" नेमाण्णांना खोटं बोलता येत नसे. त्यांनी व्रत घेतलं होतं की तो स्वभावच होता, सांगता येणार नाही. ते तोंडावरचा रुमाल खाली करून म्हणत, "अकरा." मग कोणीच पुढे होत नसे. बाराव्याची वाट बघत चौकात दोन्हीकडून रांगा लागत. वाट बघता बघता दिवा हिरवा होई. साहेबांच्या सगळ्या योजनेत दिवा खरा पाळला गेला तो बहुधा अकरा आणि बारा यांच्या मधल्या वेळात.

दिवस मावळायच्या आत नेमाण्णा जेवायला घरी जात. त्यानंतर ते पाण्याशिवाय काही घेत नसत. त्यांनी स्टूल उचललं की चौकातले लोक म्हणत, "चला, अण्णांचं ताट वाढलं." आणि गाड्या सुटत.

एकदा म्हसवडकडचा एक जवान सायकलवर बायकोला घेऊन आला. रजा संपत आलेली. त्याने लाल दिव्यासमोर सायकल उभी केली आणि ओरडला, "अण्णा, घ्या की आमचा फोटो!"

"तुमी मोडला कुठं? तुमी थांबलायसा."

"आगं उतर खाली," तो बायकोला म्हणाला. "परत येऊ मागनं."

"आवं, माणसं बघत्याती," ती पदरात तोंड लपवून म्हणाली.

दोघं मागे गेली, पुन्हा सायकलवर बसली आणि लाल दिवा व्यवस्थित मोडून आली. नेमाण्णांनी रुमाल खाली केला आणि त्यांच्याकरता मुद्दाम ते वाक्य म्हटलं. त्या फोटोच्या दोन प्रती निघाल्या. एक नोटिशीला लागली. दुसरी त्या बाईने पोलक्यात ठेवलेली मी पाहिली.

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं, पण फळ्याचं तसं नव्हतं. सोमवारी फळ्यापुढे गर्दी होई. कोण दिसतोय, कोणाबरोबर दिसतोय, कोणत्या वेळी कुठून येतोय, याची चर्चा दिवे लागेपर्यंत चाले. एका दुकानदाराचा मुलगा शाळेच्या वेळेत चौकात दिसला म्हणून घरी मार खाऊन बसला. नेमाण्णांच्या स्टुडिओत येणारी गिऱ्हाइकं कमी झाली. त्यांनी ते बोलून दाखवलं नाही. पण फळ्यासमोरून जाताना ते मान नेहमीपेक्षाही खाली घालत.

फळ्याचा सगळ्यात हौशी वाचक म्हणजे वसंत न्हावी. त्याचं सलून नेमाण्णांच्या समोरच्या कोपऱ्यावर होतं, म्हणजे प्रत्येक फोटोत माणसांच्या मागे तेच येई. त्याने नुकतीच रस्त्याच्या बाजूला खिडकी काढली होती, तिला निळी दारं लावली होती. "अण्णा, माझी खिडकी आली पायजे बरं का," हे त्याचं रोजचं सांगणं. सोमवारी तो माणसांकडे नंतर बघे, आधी प्रत्येक फोटोत स्वतःची खिडकी शोधी.

एका शनिवारी मी फोटो आणायला स्टुडिओत गेले. पाकीट उघडून भिंगाने दिवे तपासू लागले. सातव्या फोटोत आमच्याच दवाखान्यातले शिंदे कंपाउंडर स्कूटरवर होते. वरचा दिवा पेटलेला होता. त्यांच्या मागे कुसुमताई बसल्या होत्या. कॅमेरा दिसल्यावर चेहरा वळवायचं त्यांना सुचलं असावं, पण वेळ मिळाला नव्हता. डोळे मोठे झालेले, थेट भिंगाकडे.

कुसुमताई बालवाडी चालवत. तिशीच्या आतबाहेरच्या असतील. नवरा सैन्यात गेला तो परत आला नाही. एक मुलगी, आणि राहणं सासरीच. सासरा नामांकित बागायतदार, उसाची मोठी शेती. सुनेने घराबाहेर पाऊल टाकायचं ते बालवाडीपुरतं, अशी त्या घरची अट होती आणि ती सगळ्या गावाला ठाऊक होती. सोमवारी हा फोटो फळ्यावर लागला असता तर मंगळवारी बालवाडीला दुसरी बाई लागली असती. पुढे कुसुमताईंचं त्या घरात काय झालं असतं, ते बोलायची गरज नव्हती.

मी फोटो टेबलावर ठेवला. नेमाण्णांनी तो बघितला. आत्तापर्यंत त्यांनीही तो नीट पाहिला नसावा. रोल धुताना ते दिवा आणि गाडीचा नंबरच बघत.

"ह्या त्यांच्या मागे का बसल्या असतील?" मी विचारलं. असं विचारायला नको होतं.

"बसली आसंल," ते म्हणाले. "स्कूटरला मागं सीट बसायलाच देत्यात."

मग म्हणाले, "ह्यो माझ्याकडं ऱ्हाऊ दे. सोमवारी सकाळी ये."

सोमवारी मिळालेल्या फोटोत शिंदे एकटेच होते. मागची सीट रिकामी, तिच्यामागे सलूनची भिंत. काम इतकं सफाईचं होतं की भिंग लावूनही मला जोड सापडेना. मोठी प्रत काढून, तिच्यावर कुंचल्याने रंगवून, तिचाच पुन्हा फोटो काढला होता. नेमाण्णांचे डोळे लाल झाले होते. फोटो नोटिशीला लागला, एक प्रत फळ्यावर गेली.

सकाळी अकराच्या सुमाराला कुसुमताई आल्या. बालवाडीचं दूध नगरपालिकेतून जाई, त्याच्या सहीला त्या येत. मी खिडकीतून बघत होते. त्या फळ्यापाशी थांबल्या. शनिवार, रविवार त्यांनी कसे काढले असतील ते त्यांच्या चालण्यावरून कळत होतं. एकेका फोटोवर नजर फिरवत त्या शिंद्यांच्या फोटोपाशी आल्या आणि त्या रिकाम्या सीटकडे बघत राहिल्या. मग भिंतीला हात टेकून उभ्या राहिल्या. नंतर आत येऊन सही करून गेल्या. सही नेहमीसारखीच होती.

दुपारी वसंत आला आणि पाच मिनिटांत ओरडत साहेबांच्या दारात उभा राहिला.

"साहेब, माझी खिडकी कुठं गेली?"

साहेबांना आधी कळेना. वसंतने त्यांना हाताला धरून फळ्यापाशी नेलं. "ह्यात हाय बघा. ह्यात हाय. ह्यातबी हाय. आनी ह्या शिंद्याच्या फोटोत सपाट भिंत! महिना झाला खिडकी काढून. एक दिवसापुरती भरली का काय मी?"

कुसुमताई नेमक्या खिडकीसमोर आल्या होत्या. त्यांना पुसून नेमाण्णांनी मागे भिंत रंगवली होती, महिन्यापूर्वीची. रोज त्याच कोपऱ्याकडे तोंड करून बसणाऱ्या माणसाला तिथली निळी खिडकी दिसलीच नव्हती. मला त्यांनी नंतर सांगितलं, "फोटो नीट करताना माझं सगळं ध्यान माणसाकडं. मागं काय हाय ते मी कवा बघितलंच न्हाई. स्टुडिओत मागं पडदाच आसतो की."

साहेबांनी त्यांना बोलावून घेतलं. मला रोलच्या पट्ट्या घेऊन यायला सांगितलं. बारापैकी अकराच चौकोन होते, सातवा कापलेला.

"निगेटिव्ह कुठे आहे?"

"चुलीत घातली."

"म्हणजे फोटो तुम्ही बदलला?"

"व्हय. मी खोडलं."

"कोण होतं मागे?"

नेमाण्णा मान खाली घालून उभे होते. "ते न्हाई सांगणार, साहेब."

साहेब वाईट नव्हते. पण त्या क्षणी त्यांचा चेहरा उतरला होता, आणि उतरलेल्या चेहऱ्याने माणूस जास्त कठोर बोलतो. हा सरकारी पुरावा आहे, दिवस कसले आहेत कळतंय का, आत्ता पोलिसांना चिठ्ठी दिली तर सहा महिने सुटका नाही, असं ते बोलत गेले. "त्या म्हातारीसाठी हे काम घेतलंत ना? एका फोटोपायी सगळी योजना बुडवलीत तुम्ही. आता कोणीही उठेल आणि म्हणेल, माझा फोटो खोटा आहे."

"बरोबर हाय तुमचं," नेमाण्णा म्हणाले. दिवा टिकावा असं गावात साहेबांच्या खालोखाल कोणाला वाटत असेल तर ते त्यांनाच. "पर सांगणार न्हाई."

साहेब माझ्याकडे वळले आणि इंग्रजीत म्हणाले की पाकीट तर तू आणतेस, मूळ फोटो तू पाहिला असशील. मी इंग्रजीतच सांगितलं, नाही सर. माझी नजर खाली होती, पण माझी नजर नेहमीच खाली असे, त्यामुळे त्यांना संशय आला नाही.

जिन्यावर नेमाण्णा थांबले. त्यांना इंग्रजी येत नव्हतं.

"खोटं बोललीस न्हवं?"

मी मान हलवली.

"माझ्यापायी." ते दोन पायऱ्या उतरले, पुन्हा थांबले. "खोटा फोटो केला म्हणून उद्या माझा उपास हाय. परवा तुझा धरतो. तू जेव."

मी म्हटलं, माझा मीच धरीन. ते म्हणाले, "तुला सवय न्हाई. चक्कर येऊन टायपावर पडशील." आणि त्यांनी तो खरंच धरला. बुधवारी स्टुडिओत गेले तर शेजारच्यांनी दिलेला चहा तसाच बाजूला ठेवलेला होता.

पोलिसांना चिठ्ठी गेली नाही. नोटिशी मात्र सगळ्या रद्द झाल्या, फळा उतरला, आणि नेमाण्णांचं स्टूल पुन्हा स्टुडिओत गेलं. आता गावाला दुसराच उद्योग मिळाला: शिंद्यांच्या मागे कोण होतं? सलूनमध्ये रोज नवं नाव निघे. पाचव्या की सहाव्या दिवशी त्यात बालवाडीचा उल्लेख झाला. मी समोर स्टुडिओत होते, आवाज रस्त्यापलीकडून स्पष्ट येत होता. नेमाण्णा हातातलं काम टाकून उठले, रस्ता ओलांडून सलूनच्या दारात उभे राहिले.

"वसंता, दोन महिन्यांचे रोल हायत माझ्याकडं. फळ्यावर लागलं न्हाईत तेबी हायत. लाल दिव्यात तुमी सगळे कुणासंगं हुतासा, कुठनं येत हुतासा, सगळं काचंत बघितलंय मी. तुमचं कुणाचं धुऊन काढू, सांगा."

आत कात्रीचा आवाजही थांबला.

"चेष्टा केली आवं, अण्णा," वसंत म्हणाला.

"मी न्हाई करत," नेमाण्णा म्हणाले आणि परत आले. त्यानंतर तो विषय गावात निघाला नाही.

त्या रोलमध्ये खरंच काही होतं का, मी विचारलं. "काय न्हाई गं," ते म्हणाले. "सायकली आनी बैल. पर ज्येला त्येला आपलं आपलं ठावं आसतं." मग म्हणाले, "मी नुसतं इचारलं. ह्यात खोटं काय?"

कुसुमताई त्यांच्याकडे पुन्हा आल्या नाहीत. वाटेत नेमाण्णा दिसले तर त्या पलीकडच्या बाजूने जात. आपलं गुपित ज्याला ठाऊक आहे त्याच्यासमोर उभं राहणं जमत नसावं. मला ते समजत होतं. बालवाडीचा दरवर्षीचा फोटो नेमाण्णाच काढत आले होते, मुलांना हसवायला नाकावर खडू ठेवून. त्या वर्षी कुसुमताईंनी सांगलीहून दुसरा फोटोग्राफर बोलावला. हे नेमाण्णांना लागलं. एवढ्या महिन्यांत मी त्यांना फक्त तेवढ्याने दुखावलेलं पाहिलं. "सांगलीवाला चांगला हाय," ते दोनदा म्हणाले.

मला साताऱ्याला नोकरी लागली आणि मी गाव सोडलं, तो नेमका बालवाडीच्या फोटोचा दिवस होता. सकाळची एस.टी. चौकात लाल दिव्याला थांबली. माझ्या खिडकीतून बालवाडीचं पटांगण दिसत होतं. मुलं तीन ओळींत बसवली होती, कडेला कुसुमताई. सांगलीचा फोटोग्राफर तरुण होता. त्याने मुलांच्या डोळ्यांवर ऊन येऊ नये म्हणून त्यांना उन्हाकडे पाठ करून बसवलं होतं आणि आता ऊन त्याच्याच भिंगात शिरत होतं. तो पुढे होई, मागे होई. मुलं चुळबुळायला लागली होती.

नेमाण्णा स्टुडिओच्या दारात उभे राहून बघत होते. मग त्यांना राहवलं नाही. रस्ता ओलांडून ते गेले, डोक्यावरची टोपी काढली आणि त्या तरुणाच्या भिंगावर सावलीला धरून उभे राहिले. त्यांचं टक्कल मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. तोंडातून चकार शब्द नाही. काढणारा तो तरुण होता, सांगायचं ते त्याने सांगायचं.

मुलं त्या तरुणाकडे बघत होती. कुसुमताई मात्र नेमाण्णांकडे बघत होत्या. मग त्यांनी पदर सारखा केला आणि शेजारच्या मुलाला जरा आत सरकवून आपल्या बाजूला एका माणसापुरती जागा केली. हाताने त्यांना बोलावलं. नेमाण्णांनी मान हलवून नको म्हटलं, टोपी तशीच धरून. कुसुमताईंनी पुन्हा बोलावलं.

दिवा हिरवा झाला आणि ड्रायव्हरने गाडी सोडली.